सातारा जिल्ह्यातल्या तापोळा-बामणोली भागातली गावं नेमकी कशी वसली आहेत आणि तिथे किती लोक राहतात?

तुम्ही लिहिलंय की कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँचने जाताना दोन्ही काठांवर घरं दिसली, पण बहुतेकांना कुलपं होती. मग या गावांची खरी लोकसंख्या किती? माझं आजोळ तापोळ्याच्या पलीकडच्या तीरावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी दरी समजून घ्या. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, पण कृष्णेसारखी पूर्वेला न जाता बरंच अंतर सरळ दक्षिणेकडे वाहते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीचा मुख्य कणा, त्यापलीकडे कोकण. पूर्वेला बामणोलीची डोंगररांग. या दोन भिंतींमधली दरी खाली कोयनानगरजवळ धरणाने अडवली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढत चढत वर आलं. तोच शिवसागर. क्षमता सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट), पण दरी चिंचोळी, त्यामुळे पाण्याला आडवं पसरायला जागाच नव्हती. ते कोयनेच्या पात्रात, सोळशी-कांदाटी या तिच्या उपनद्यांत, मिळेल त्या खोऱ्यात लांबवर घुसलं. म्हणून समोरच्या काठावरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने जायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो. लाँच आणि गाड्या नेणारा तराफा ही इथे पर्यटकांची हौस नाही. रेशन, बाजार, दवाखाना, नवरीचं वऱ्हाड, सगळं त्यावरूनच गेलेलं आहे.

आता एक गोष्ट जी लाँचमधून कळत नाही. ही गावं मुळात तळ्याकाठची नाहीतच. जुनी गावं खाली नदीकाठी होती, भाताची खाचरं तिथेच होती. पाणी आलं तेव्हा कित्येक कुटुंबं दुसऱ्या तालुक्यांत, दुसऱ्या जिल्ह्यांत गेली. त्यांतल्या अनेकांचे जमिनीचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत, आणि साठ वर्षांनंतरही हे लिहावं लागतं याचा मला राग येतो. जी माणसं राहिली ती सामान घेऊन उतारावर सरकली. माझी आजी शेवटपर्यंत आताच्या गावाला ‘वरचं गाव’ म्हणायची. नुसतं ‘गाव’ म्हटलं की तिला पाण्याखालचंच अभिप्रेत असे. उतारावर भात जेमतेम, मुख्य पीक नाचणी आणि वरी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंतींचे दगड उघडे पडतात.

लोकसंख्येचं उत्तर इथूनच सुरू होतं. शेत बुडालं, उरलं ते वर्षभर पोसेना, म्हणून घरटी एक-दोन माणसं मुंबईला गेली. कुणी माथाडी, कुणी गिरणीत, कुणी हॉटेलात, पुढची पिढी ठाणे-नवी मुंबईत. राज्याचे मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे यांचं दरे गाव याच पाण्याकाठचं, आणि त्यांचं कुटुंबही असंच ठाण्याला गेलेलं. 2011च्या जनगणनेची घरोघर मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी अशी झाली. त्या दिवसांत गावात असतात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली पोरं. मुंबईकर जिथे राहतो तिथे मोजला जातो, ते नियमाला धरूनच आहे. पण त्यामुळे कागदावर गाव शेकड्यांत, काही वाड्या तर त्याहूनही लहान. कण्यापलीकडच्या रत्नागिरीत हेच चित्र जिल्ह्याच्या आकड्यात उतरलंय: 2011ला दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, राज्यात 929. आमच्या साताऱ्याचा आकडा 988, कारण त्यात कराड-फलटणसारखे सखल, बागायती तालुकेही मिसळतात आणि आमचं खोरं त्यात दिसेनासं होतं.

त्यात दक्षिणेकडची काही वस्ती अभयारण्य आणि पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यावर उठली. पाण्याने एकदा, जंगलाने दुसऱ्यांदा.

तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर मी गावाचे दोन आकडे धरतो. एक चुलीचा: पावसाळ्यात, जेव्हा आठ-आठ दिवस ढग हलत नाहीत, तेव्हा किती घरांतून धूर निघतो. दुसरा जत्रेचा: चैत्र-वैशाखात ग्रामदैवताची पालखी निघते तेव्हा किती माणसं जेवायला बसतात. आमच्या गावात दुसरा आकडा पहिल्याच्या चौपट तरी भरतो. वर्गणी प्रत्येक घराची असते, कुलूप असलेल्या घराचीसुद्धा, आणि ती मुंबईहून वेळेत येते.

तुम्ही पाहिलेली कुलपं त्या घरांचीच. पुन्हा जाल तेव्हा जत्रेच्या दिवसांत जा. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली किंवा महाबळेश्वरहून तापोळा, दोन्ही रस्ते चालतील. फक्त परतीची लाँच अंधाराआधी सुटते, तेवढं आधी विचारून ठेवा.