दमलेल्या संध्याकाळसाठी सोपी वीण, ओळखीचं पुस्तक आणि न मळता होणारा ब्रेड

तुम्ही लिहिलंय की सध्या कामातून सुटका रात्रीच होते, झोपायच्या आधी जेमतेम अर्धा तास उरतो, आणि त्यात अर्धवट स्वेटर, साठाव्या पानावर थांबलेली जाड कादंबरी आणि आणून ठेवलेलं केकचं सामान दिसलं की तेही कामच वाटतं. सगळं कपाटात टाकून द्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

सगळं नको. स्वेटर ठेवा. बाकीचं नुसतं बदला.

धावपळीच्या दिवसांत वेळ कमी पडतो हे खरंच, पण वेळेच्याही आधी संपते ती ठरवण्याची ताकद. तुमच्या स्वेटरवर वेणीची वीण आहे. तिथे दर काही ओळींनी टाके एकमेकांवरून न्यायचे, तक्ता बघायचा, कितवी ओळ ते लक्षात ठेवायचं. दिवसभर हेच करून आलेल्या डोक्याला पुन्हा तेच कशाला? त्यामुळे अशा दिवसांत मी एकाच गोष्टीकडे बघते. मध्येच हाक आली तर हातातलं काम आहे तिथे ठेवता यावं, आणि चार दिवसांनी काहीही न आठवता पुढे सुरू करता यावं. एवढं जमत असेल तर ते आत्ताचं काम. जमत नसेल तर ते मोकळ्या दिवसांचं.

विणकामात यासाठी सगळ्या ओळी सुलट, म्हणजे गार्टर, याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा वळत नाहीत, आणि कुठे होतो ते फक्त कापड बघून कळतं. मी या दिवसांत कर्णरेषेत वाढणारं चौकोनी फडकं विणते. चार टाके घ्यायचे, एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळीत दोन सुलट, लोकर पुढे आणून एक जाळी, म्हणजे सुईवर एक जास्तीचा वेढा, आणि उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका आपोआप वाढतो, टाके मोजायची गरजच नाही. हवं तेवढं रुंद झालं की उलट प्रवास सुरू: एक सुलट, दोन एकत्र, जाळी, पुन्हा दोन एकत्र, बाकी सुलट. आता दर ओळीला एक कमी. चार उरले की बंद करा. कडेने जाळीची नाजूक ओळ आपसूक तयार होते, आणि ती बघूनच पुढच्या ओळीत काय करायचं ते हाताला समजतं.

सुती धागा आणि चार-साडेचार मिलिमीटरची सुई घ्या. रंग फिका असू द्या. रात्रीच्या दिव्यात गडद निळ्या-काळ्या धाग्यावर टाके दिसत नाहीत आणि डोळे शिणतात. केसाळ लोकरही आत्ता नको, उसवायची वेळ आली तर ती एकमेकांत गुंतून बसते. आणि दिवसभर टायपिंग असेल तर सरळ सुयांऐवजी गोल सुई, म्हणजे लवचिक तारेने जोडलेल्या दोन सुया, वापरा. कापडाचं वजन मांडीवर येतं, मनगटावर येत नाही. हे मी फार कळकळीने सांगते, कारण मनगट दुखायला लागलं की आवडतं विणकामही नकोसं होतं.

यातून शांत वाटतं ते उगाच नाही. हार्वर्डमधले हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं की एखादा शब्द किंवा हालचाल पुन्हा पुन्हा करत राहिलं, आणि मनात येणाऱ्या विचारांशी न झगडता ते जाऊ दिले, की श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात. सुलट ओळींत नेमकं हेच होतं. अवघड विणीत होत नाही, कारण तिथे विचार जाऊ दिला की टाका चुकतो.

वाचनाचं थोडक्यात सांगते. पूर्वी वाचून आवडलेलं पुस्तक पुन्हा काढा. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे कुठलंही पान उघडता येतं आणि दोन पानांवर झोप आली तरी काही निसटत नाही. नवीनच हवं असेल तर ललित लेख, पत्रं, छोट्या कथा. त्या कादंबरीत पात्रांची नावं आणि नाती एका चिठ्ठीवर लिहून खूण म्हणून ठेवा, महिन्याभराने उघडली तरी पहिल्यापासून वाचावी लागणार नाही.

बेकिंगला दमलेले लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि मला वाटतं तेच सर्वांत कमी कष्टाचं आहे. केक राहू द्या, ब्रेड करा. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची न मळता ब्रेड करायची पद्धत २००६ मध्ये वर्तमानपत्रात आली आणि घरोघरी पोचली. ४०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅमच्या आसपास पाणी, ८ ग्रॅम मीठ आणि पाव छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. चमच्याने कालवा, झाका, झोपायला जा. बारा ते अठरा तासांत पाणी आणि वेळ मिळून मळण्याचं काम करतात. पीठ ओलसर, चिकट राहतं, वर बारीक बुडबुडे दिसतात आणि भांडं तिरकं केलं की कडेला लांब तारा सुटतात. तारा दिसल्या की झालं. पिठी लावून घडी घाला, दोन तास ठेवा, मग ओव्हनमध्ये २३० अंशांवर तापवलेल्या जाड झाकणाच्या भांड्यात टाका. अर्धा तास झाकून, नंतर पंधरा-वीस मिनिटं उघडं. झाकणाखाली पिठाचीच वाफ कोंडते, त्यामुळे वरचं कवच कुरकुरीत होतं. उशीर होणार असेल तर फुगलेलं पीठ फ्रिजमध्ये सरकवा. थंडीत यीस्ट मंदावतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सहज वाट बघतं.

मोजमापं मात्र सुट्टीच्या दिवशी उरकून ठेवा. मैदा आणि मीठ दोन-तीन डब्यांत मोजून तयार असेल तर रात्री फक्त यीस्ट आणि पाणी घालायचं उरतं.

आता स्वेटर. तो सुईवर ताटकळत ठेवू नका, सुईजवळची ओळ ताणली जाते. जाड शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत धागा ओवून सगळे टाके त्यावर उतरवा आणि टोकं सैल बांधा. चिठ्ठीवर सुईचा नंबर, तक्त्यातली ओळ आणि पुढची वेणी उजवीकडे वळते की डावीकडे, हे लिहून ती स्वेटरलाच टाचा. पुन्हा घ्याल तेव्हा आधी त्याच लोकरीचा छोटा तुकडा विणून जुन्या भागाशी ताडून बघा. मधल्या काळात हात सैल किंवा घट्ट झालेला असतो, आणि तसं दिसलं तर सुई एक नंबर वर-खाली करून मगच टाके परत घ्या.