जपानमधल्या शिराकावागोमध्ये एकट्याने एक दिवस निवांत कसा घालवावा?

ताकायामाहून सकाळची पहिली बस धरा. तासाभरात ओगिमाची, म्हणजे गवती छपरांच्या जुन्या घरांचं शिराकावागोचं मुख्य गाव येतं. नंतर सहलीच्या बसगाड्या लागतात, म्हणून गाव वरून दिसतं तो शिरोयामाचा पॉइंट आधी उरकून घ्या. सगळे फोटो तिथलेच असतात.

खरा वेळ द्यायचा तो वादा कुटुंबाच्या जुन्या घराला. तिकीट घ्या, बूट काढा आणि थेट माळ्यावर जा. छपराची बांधणी तिथे हाताच्या अंतरावर दिसते: जाडजूड वासे, दोरांच्या गाठी, पिळून आवळलेल्या कोवळ्या फांद्या. या सांगाड्यात खिळा नाही. जमिनीतल्या चुलीच्या धुराने सगळं काळंभोर झालंय, पण त्या धुरानेच गवताला कीड लागत नाही. पूर्वी या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत. बर्फ भयंकर पडतो म्हणून छपराला जवळपास 60 अंशांचा उतार. गवत बदलायला अख्खं गाव राबतं, आपल्याकडे इर्जिक घालायचे तसं.

बाकी गल्ल्या, भातखाचरं, शोगावा नदीवरचा पूल, असं मनाला येईल तसं भटका. फक्त लोक राहतात त्या घरांत डोकावू नका. तेवढी रीत पाळाच. शाकाहारी असाल तर सूप, सोबा नूडल्स जपून, रश्शात बहुधा मासळीचा अर्क असतो.

शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. गर्दीचा फारच तिटकारा असेल तर शेजारच्या गोकायामा भागातलं आइनोकुरा गाव गाठा. तेही 1995 पासून शिराकावागोसोबत युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे आणि बरंच लहान.