आमची मुलगी दोन वंशांची आहे. ‘मी नक्की कोण?’ असं विचारते, काय सांगावं?

तुमची लेक पाच वर्षांची. परवा तिने विचारलं, “मी तुझ्यासारखी की बाबांसारखी?” तुम्ही “अर्धी माझी, अर्धी बाबांची” म्हणालात आणि ती गप्प झाली. हे वाचून राहवलं नाही. मी भारतीय, नवरा कृष्णवर्णीय, मुलगी आता चौदा वर्षांची. “अर्धी-अर्धी” मीही कितीतरी वर्षं म्हणत होते. तो शब्द आधी सोडा. आपल्याला तो गोड वाटतो, पण पोरीला आपल्यात काहीतरी कमी आहे असंच ऐकू येतं. “तू सगळीच्या सगळी माझी, आणि सगळीच्या सगळी बाबांची” हे पाच वर्षांच्या मुलीला नीट कळतं.

माझी मोठी चूक मात्र कंगव्याची होती. तिचे केस बाबांसारखे, घट्ट कुरळे. मला सरळ केसांपलीकडे काही माहीत नाही. रोज सकाळी घाईघाईत कोरडे केस बारीक दातांच्या कंगव्याने वरून खाली ओढायचे. ती रडायची आणि मी म्हणायचे, “किती हा गुंता! काय करू या केसांचं?” एकदा ती सोनेरी, सरळ केसांची बाहुली मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “तुझे केस किती शहाणे आहेत गं.” माझ्या पोटात खड्डा पडला.

केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास अमेरिकेत लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली. हे मी आधी वाचलेलं होतं, पण ते बाहेरच्या जगाबद्दल आहे असं धरून चालले होते. घरात तर सगळे तिच्यावर जीव टाकणारे!

मग नणंदेकडून शिकले. केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचा, चार भाग करायचे आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून सोडवत मुळांकडे जायचं. रविवारचे दोन तास जातात. त्या दोन तासांत आत्याने तिला पणजीच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मला ठाऊकही नव्हत्या. हे जरा स्पष्टच सांगते: आपण आई असलो तरी जग तिच्याकडे ज्या नजरेने बघतं, ती नजर आपण सोसलेली नसते. तिच्यासारखी दिसणारी मोठी माणसं तिच्या रोजच्या आयुष्यात हवीत, वर्षातून एकदा येणारे पाहुणे म्हणून नव्हे.

“हिला दत्तक घेतलंय का?” असं अनोळखी लोक विचारतील. मी आधी तावातावाने खुलासे करायचे, आणि ती माझा हात घट्ट धरून सगळं ऐकत असायची. आता “ही माझी मुलगी” एवढंच म्हणते आणि पुढे जाते. सात-आठ वर्षांची झाल्यावर तिलाच विचारलं, अशा वेळी तू बोलशील की मी? म्हणाली, “तू बोल, पण थांबू नकोस.”

दुसरं मूल होणार असेल तर एक लक्षात ठेवा. त्वचेचा रंग अनेक जनुकांवर ठरतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांचा रंगही बराच वेगळा निघू शकतो. तुलना घरातूनच सुरू होते, नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

शाळेच्या फॉर्मवर कोणता वंश लिहावा, असंही विचारलंय. अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून जास्त वंश नोंदवायची सोय २००० साली पहिल्यांदा झाली, इंग्लंडमध्ये ‘मिश्र’ हा गट २००१ मध्ये आला. म्हणजे या चौकटी सरकारं आखतात आणि बदलतातही. बराक ओबामांची आई गोरी, तरी २०१० च्या जनगणनेत त्यांनी स्वतःची नोंद फक्त कृष्णवर्णीय म्हणून केली. तो अधिकार त्यांचा होता. तुम्ही सध्या दोन्ही लिहा, आणि ती समजती झाली की तिलाच भरू द्या.

माझ्या लेकीने गेल्या वर्षी एका फॉर्मवर फक्त बाबांचा वंश लिहिला. मला लागलं, खोटं कशाला सांगू? रात्री नवऱ्यापाशी रडले. तिला मात्र काही विचारलं नाही. रविवारी ती कंगवा घेऊन नेहमीसारखी माझ्यापुढे येऊन बसली.