तापाची यादी कोणाला द्यायची?

वाचक विचारतात, ताई सांगतात

प्रश्न: ताई नमस्कार, मी गोव्यात पर्वरीला एका संस्थेत काम करते. पावसाळ्यात बांधकामाच्या साइटवर फिरायचं, ताप आलेल्यांना रक्त तपासायला हेल्थ सेंटरला न्यायचं, असं काम. परवा एकाचा मलेरिया पॉझिटिव्ह आला तर तो हातच जोडायला लागला, दीदी मुकादमला सांगू नका, खोली पण जाईल आणि काम पण. इकडे कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पॉझिटिव्हवाल्यांची यादी द्या, नाहीतर पुढच्या वेळी गेट उघडणार नाही. आमच्या मॅडम म्हणतात देऊन टाक, बाकीच्यांचा विचार कर. काय करू? — एक कार्यकर्ती

उत्तर: अगं बाय, यादी देऊ नको. म्हणजे मुकादमाला देऊ नको. हेल्थ सेंटरला नाव, फोन, साइट सगळं जायलाच हवं आणि ते जाणार हे त्या माणसाला तोंडावर सांगायचं, कशासाठी जाणार ते पण. कुणालाच सांगत नाही म्हणून शब्द द्यायचा आणि मागच्या दारानं नाव पोचवायचं, असं केलंस तर पुढच्या साइटवर कोण ताप आलाय म्हणून सांगणार नाही, ही माणसं रोज एकमेकांना फोन करत असतात.

आता मुकादमाला नाव कशाला पायजे? मलेरिया काय शेजारी झोपला म्हणून लागत नाही, मध्ये डास लागतो. त्याला हात धरून स्लॅबवर ने, सिमेंट पक्कं व्हायला पाणी अडवलेलं असतं ना तिथं, नाहीतर लिफ्टच्या खड्ड्यात, उघड्या टाकीत बॅटरी मार, अळ्या वळवळताना दिसतील. माणूस हाकलला तरी त्या तिथंच राहणार. आणि हाकललेल्याचं काय होतं ते पण सांग त्याला. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया असला तर औषधानं ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण जंतू लिव्हरमध्ये दडी मारून बसतात म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. हा पाचव्या दिवशी बॅग उचलून दुसऱ्या साइटवर गेला की गोळ्या अर्धवट, पुढे कधीतरी परत ताप, आणि तिथले डास आहेतच वाट बघत.

गेटचं म्हणशील तर मजुरांची रक्ततपासणी करून हेल्थ कार्ड काढायची जबाबदारी गोव्यात कॉन्ट्रॅक्टरवरच आहे, तो तुमच्यावर उपकार करत नाही. एकटी जाऊ नको, हेल्थ सेंटरच्या माणसाला बरोबर घेऊन जा. तरी पण गेट बंद झालं तर? होऊ शकतं, आणि मग आतल्यांचं नुकसान खरंच होणार, मॅडमना मी अगदीच खोटं पाडत नाही. अशा वेळी रविवारी बाजारात, संध्याकाळी चहाच्या गाड्यावर माणसं भेटतात, काम हळू होईल पण होईल. एक गोष्ट मात्र वेगळी. माणूस बडबडायला लागला, उठवत नाही, लघवी काळी झाली, तर कोणाची परवानगी बघत बसू नको, १०८ लाव आणि बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठव. मुकादमाला कळलं तर कळलं.

अजून एक, मॅडमना विचारच: तपासणीला नेल्यावर त्या माणसाचा रोज बुडतो तो कोण भरतं? तुमच्या सांगण्यावरून तो गप घरात बसणार असेल तर चार दिवसांचं रेशन संस्थेनं द्यायला हवं. ते न करता नुसतं समजावत बसणं मला पटत नाही.

आपल्याकडे ताप आला की पहिलं बोट भायल्यांकडे, म्हणजे बाहेरून आलेल्यांकडे जातं. पण १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोल्जर घरात घुसायला लागले तेव्हा आपलीच माणसं पेशंट लपवत होती. आणि १९८९ मध्ये पर्राच्या डॉमिनिक डिसोझाला एचआयव्ही निघाला म्हणून पोलिसांनी उचलून म्हापशाच्या जुन्या टीबी हॉस्पिटलात ६४ दिवस ठेवला, तो तर आपणहून रक्तदान करणारा मुलगा होता. असं बघितल्यावर पुढे कोण स्वतःहून तपासायला येईल?

प्रश्न: देणगीदार आजारी मुलांचे फोटो मागतात. आम्ही आईबापांची परवानगी घेतो. तरी मनाला लागतं. — एक स्वयंसेवक, डिचोली

उत्तर: भाऊ, तुमच्या हातात औषधाची पिशवी आहे तोवर आई नको म्हणणारच नाही, ती परवानगी कसली? दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसानं विचारा. नाहीतर डासांच्या अळ्या झालेल्या टाकीचा फोटो पाठवा, देणगीदारांना पण कळू दे ताप येतो कुठून.

प्रश्न: मुलगी नर्स आहे, परदेशी संस्थेतर्फे आफ्रिकेत इबोलाच्या कामाला जायचं म्हणते. जाऊ देऊ का? — एक आई, फोंडा

उत्तर: ताई, ती विचारतेय की सांगतेय? सांगत असेल तर सही करण्याआधी संस्थेला काय विचारायचं ते तिला सांगा. २०१४ ते २०१६ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या साथीत २८,६०० च्या वर माणसं आजारी पडली, ११,३०० च्या वर गेली, त्यात ५०० हून जास्त आरोग्य कर्मचारी होते आणि बहुतेक तिथलेच. तो अंगभर झाकणारा किट घालून उकाड्यात तासभर काढणं पण कठीण, आणि खरा धोका तो उतरवताना, म्हणून उतरवताना समोर बघणारा एक माणूस लागतो. वेळ संपली की बाहेर यायचं, पेशंट पाणी मागत असला तरी. हे तिला जमेल का ते तिनंच ठरवायचं. मला जमलं नसतं बहुतेक.

आणि हे नक्की विचारायला सांगा. २०१४ च्या जुलैमध्ये सिएरा लिओनचे डॉ. शेख उमर खान इबोलानं आजारी पडले. झीमॅप नावाचं औषध, माणसावर तोवर न वापरलेलं, त्यांच्या सेंटरवरच होतं, चर्चा झाली आणि द्यायचं नाही ठरलं. २९ जुलैला ते गेले. थोड्याच दिवसांत तेच औषध लायबेरियात दोन अमेरिकन कार्यकर्त्यांना दिलं, त्यांना विमानानं घरी नेलं आणि ते वाचले. औषधानंच वाचले असं म्हणता येत नाही, आणि न तपासलेलं औषध द्यायला डॉक्टर घाबरले तर त्यांना पण दोष देता येत नाही. पण तुमची मुलगी आजारी पडली तर विमान येईल का, आणि तिच्याच बाजूला काम करणारी तिथली नर्स पडली तर तिच्यासाठी काय ठरलंय, ही दोन्ही उत्तरं लेखी घ्या म्हणावं. दुसऱ्या प्रश्नावर संस्था गप्प बसली तर दुसरी संस्था शोधा.