पहिल्यांदाच ‘सवाई’ला, म्हणजे पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला जाताय?

खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीचं तिकीट घ्या. शेजारचे आजोबा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) मान हलवतात. ताल कळत नसेल तर त्यांच्याकडे बघा, मी तशीच शिकले. डिसेंबरातली पुण्याची थंडी बोचते, शाल हवीच. फक्त मोठ्या नावांसाठी उशिरा येऊ नका. दुपारी बसणारा नवखा कलाकार जीव ओतून गातो. माझ्या मनात राहिलेल्या मैफली बहुतेक त्याच वेळच्या. तानपुरे लागत असताना वडापावसाठी उठू नका (आधीच खा!). शेवटच्या दिवशी मात्र गर्दी टाळायला लवकर निघायचं नाही. गायक पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली हा महोत्सव गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला, आणि सांगतेला त्याच गुरूंची जुनी भैरवी ध्वनिमुद्रिकेवरून ऐकवतात. तेव्हा मंडपात कुणी बोलत नाही.