सुनदुबु-च्चिगे: सूप, रस्सा की कालवण?

प्रश्न असा आहे: कोरियन 'सुनदुबु-जिगे'ला मराठी पाककृतीत 'मऊ सोया पनीरचं तिखट सूप' म्हटलं तर चालेल का, आणि उच्चार नेमका काय?

उच्चार आधी. रोमन स्पेलिंगमधल्या 'डी'मुळे आपण 'सुनडुबू' लिहितो आणि ते बिचारं नावातच डुबतं. कोरियन उच्चारात जीभ दातांपाशी टेकते, म्हणून 'द' हवा: सुनदुबु. पुढच्या शब्दातला पहिला वर्ण 'ज' नाही. घसा आवळून, श्वास न सोडता म्हटलेला तो 'च' आहे, म्हणून 'च्चिगे' जास्त जवळचं. 'दुबु' म्हणजे टोफू, म्हणजेच सोया पनीर. 'सुन' म्हणजे 'शुद्ध' असं सर्रास सांगतात, पण 'शुद्ध' अर्थाचा 'सुन' चिनीतून आलेला आहे, आणि कोरियन प्रमाण कोशात या 'सुन'ला चिनी अक्षर दिलेलं नाही.

आता भाषांतर. मला ते पटत नाही, कारण पाककृतीतला शब्द म्हणजे अर्धी सूचनाच असते. 'पनीर' वाचलं की आपण तुकडे करतो, परततो, ढवळतो. सुनदुबु दाबलेलंच नसतं. सोयाचं दूध विरजून (दक्षिण कोरियातल्या गांगनंग शहराच्या चोदांग भागात त्यासाठी समुद्राचं पाणी वापरतात) जी कवडी धरते, ती तशीच ठेवलेली असते. उपमा द्यायचीच तर मऊ खरवसाची द्यावी. ते मोठ्या चमच्याने ढेकळंढेकळं सोडायचं आणि नंतर ढवळायचं नाही, नाहीतर सगळा चुरा होऊन रस्सा गढूळ होतो.

'सूप'ही नको. पातळ रश्शाला कोरियनमध्ये 'गुक' हा वेगळा शब्द आहे. च्चिगेत ऐवज जास्त, पाणी कमी आणि मीठ चढं, कारण ते भाताबरोबर खायचं असतं. म्हणून मी 'कालवण' म्हणेन. 'आमटी' म्हटलं की डाळ आठवते. 'सूप' समजून चार कप पाणी ओतणाऱ्याचं कालवण फिकं होणारच. दोघांसाठी ३५० ग्रॅम सुनदुबुला एक कप रस पुरतो, कारण टोफूही पाणी सोडतं. रसासाठी डोकं आणि पोट काढलेले ७-८ छोटे सुके मासे (म्योल्ची, म्हणजे अँकोव्ही) आणि हाताच्या पंज्याएवढा दाशिमा, म्हणजे सुकं समुद्रशेवाळ. पाणी उकळू लागलं की दाशिमा काढायचा, नाहीतर रस बुळबुळीत होतो. मासे आणखी दहा मिनिटं राहू द्यावेत.

सगळ्यात घातक शब्द मात्र 'फोडणी'. मराठी पाककृतीत 'मिरचीची फोडणी करा' असं वाचलं की तेल कडकडीत तापतं आणि मिरची काही सेकंदांत काळी, कडू होते. इथे उलट करायचं. एक चमचा साधं आणि एक चमचा तिळाचं तेल घेऊन त्यात बारीक चिरलेला अर्धा कांदा आणि लसणाच्या तीन पाकळ्या मऊ करायच्या. मग आच अगदी मंद करून दोन चमचे गोचुगारू (कोरियन मिरचीचा भरड चुरा) घालायचा आणि तेल लाल झालं की लगेच रस ओतायचा. हे लाल तेल म्हणजे 'गोचुगिरुम'. त्याला मराठीत 'तर्री' किंवा 'तवंग' हे तयार शब्द आहेत, तेच वापरावेत. गोचुगारू नसेल तर बिया काढलेली ब्याडगी जाडसर कुटून घ्या. दळलेलं बारीक लाल तिखट लवकर करपतं आणि रस्सा पिठूळ करतं.

एक चमचा सोया सॉस (रश्शासाठीचा, फिकट रंगाचा मिळाला तर उत्तम), टोफू, पाच मिनिटं उकळी. सोबत शिंपले किंवा अळंबी, जे हाताशी असेल ते. मातीच्या 'तुक्पेगी' भांड्यात ते ताटावर आल्यावरही रटरटत राहतं, म्हणून अंडं गॅस बंद केल्यावर वरून फोडतात. स्टीलच्या पातेल्यात तेवढी धग टिकत नाही. तिथे अंडं आधी फोडून मिनिटभर झाकण ठेवावं.