कारगिलहून पेन्सी ला या खिंडीपर्यंत (लडाखीत 'ला' म्हणजे खिंड) एका दिवसात जाऊन परत येता येईल का?

येईल. करू नका.

ऑगस्ट २०१६मध्ये आम्ही हाच उद्योग केला. वाटेतल्या रंगदूमला मुक्काम करू म्हणून मी आठवडाभर घसा फोडत होतो. भाओजींचं एकच: "खिंडीत असतं काय? पाटी आणि पताका. फोटो काढायचा नि फिरायचं." ड्रायव्हर पहाटे चारला गाडी पुसून उभा. यांची आंघोळ, चहा, पुन्हा चहा. त्यात पानिखारच्या पुढे नुन-कुन ही शिखरं दिसल्यावर तासभर फोटो. (नुन ७१३५ मीटर, कुन ७०७७. कोणतं कुठलं, हे ते अजून उलटंच सांगतात.) पारकाचिकनंतर रस्ता म्हणजे नुसता दगडधोंडा. खिंडीत पोचलो तेव्हा दोन वाजून गेलेले.

जरा पुढे गेलं की खाली द्रांग-द्रुंग दिसते. वीसेक किलोमीटरची हिमनदी, वळण घेत उतरलेली, अंगावर लांबच लांब काळे पट्टे. कड्यांवरून पडलेले दगड बर्फासोबत वाहत येतात, दोन प्रवाह मिळाले की कडेचा राडारोडा मधोमध येतो. भाओजींनी बघितलं, "मळलीय" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना, सकाळी जेमतेम टायर भिजलेला नाला साडेतीनला गढूळ होऊन उसळत होता. बर्फाचं पाणीच ते, ऊन चढलं की फुगतं, पहाटेपर्यंत ओसरतं. ड्रायव्हर काठावर उकिडवा बसला, पाण्याखाली दगड गडगडत होते ते ऐकलं, आणि चावी खिशात टाकली. रात्र गाडीत, एक बिस्किटाचा पुडा, पाच माणसं. समोर रंगदूमची गोंपा (बौद्ध मठ) टेकडीवर दिसत होती! पहाटे पाचला त्याच नाल्यातून आरामात पार झालो. ड्रायव्हरबद्दल भाओजींचं मत आजही एकच, "पोरगा घाबरट होता".

आता रस्ता बराच सुधारलाय म्हणतात, पूलही झालेत, तेव्हा तुमचं कदाचित निभेल. आणि हो, रंगदूम जवळजवळ ४००० मीटरवर आहे, कारगिल २७००च्या आत. श्रीनगरहून थेट येत असाल तर उंचीची सवय व्हायला आधी कारगिलला दोन रात्री काढा, डोकं दुखत असेल तर वर झोपायला जाऊच नका.

निघायचं पहाटेच. सोबतच्या वडीलधाऱ्यांना आंघोळ आदल्या रात्री उरकायला सांगा.